दुखापतीनंतर तरुण पिचर रोटेशनमध्ये : २०१२ च्या वादाची पार्श्वभूमी

बेसबॉलमध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरलेल्या विशीतल्या पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) पुन्हा रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या पिचरांमध्ये, कधी घ्यायचं, हा विषय निघाला की आजही बोलणं फिरून फिरून २०१२ च्या वॉशिंग्टन संघापाशी येतं. त्या मोसमात वॉशिंग्टनने आपल्या हुकमी पिचरला ७ सप्टेंबरनंतर चेंडूच दिला नाही. संघ ९८ विजयांसह सगळ्या लीगमध्ये अव्वल राहिला आणि प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच मालिकेत गारद झाला. त्याला थांबवायला हवं होतं की नको, यावर अजूनही भांडणं होतात. मला त्याआधीचा, एप्रिलमधला प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: मोसमाच्या पहिल्या आठवड्यापासून त्याला रोटेशनमध्ये घेतलंच का?

हा प्रश्न पडू शकतो, कारण कोपर गेलेला पिचर परत येऊ शकतो. १९७४ पर्यंत तो येतच नव्हता. लॉस एंजेलिसचा एक थोर डावखुरा १९६६ मध्ये २७ सामने जिंकून, कोपराच्या दुखण्यापायी, वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. आठ वर्षांनी त्याच संघाच्या दुसऱ्या डावखुऱ्याचं कोपरातलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा) तुटलं. संघाच्या डॉक्टरांनी त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढला, कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडली आणि त्यातून तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ओवला. शस्त्रक्रियेला नाव पडलं ते रुग्णाचं, टॉमी जॉन. १९७५ चं पूर्ण वर्ष तो बाहेर बसला, १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

मात्र टॉमी जॉन तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याचं शरीर भरलेलं होतं, हजारो इनिंग्जची (एका सामन्यात नऊ इनिंग्ज, म्हणजे डाव, असतात) सवय होती, शिवाय त्याची भिस्त वेगापेक्षा चेंडू खाली बुडवण्यावर होती. त्याच्या परतीवरून बाविशीच्या, ताशी १०० मैलांनी फेकणाऱ्या मुलाबद्दल काही ठरवता येत नव्हतं. पुढच्या तीसेक वर्षांत ही शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली, तरी पहिल्या वर्षी किती इनिंग्ज टाकायच्या याचा नियम कोणाकडे नव्हता. दर संघ आपापल्या अंदाजाने चालत होता.

अंदाजाच्या जागी आकडे आले ते २००० नंतर. पंचविशीच्या आतल्या पिचरच्या इनिंग्ज आदल्या वर्षापेक्षा तीसहून जास्त वाढवू नयेत, असा एक ठोकताळा एका क्रीडापत्रकाराच्या लेखांमुळे सगळीकडे पोचला. नंतर अभ्यासकांनी तो तपासला, तेव्हा त्याला ठोस आधार सापडला नाही. पण तोवर तो क्लबांच्या कचेऱ्यांत रुजला होता. न्यूयॉर्कमध्ये २००७ पासून एका तरुण पिचरभोवती नियमांचं कुंपणच घातलं गेलं. आज बुलपेन (सामन्यात मध्येच बोलावल्या जाणाऱ्या पिचरांची जागा), उद्या रोटेशन, मध्येच तीन इनिंग्जचे स्टार्ट (पिचर म्हणून सामन्याची सुरुवात करणं), असं त्याचं चाललं. २०११ मध्ये त्याच्याही कोपरावर हीच शस्त्रक्रिया झाली. या सगळ्या सावधगिरीवरचा चाहत्यांचा राग तेव्हापासूनचा आहे.

वॉशिंग्टनचा मुलगा २००९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिला निवडला गेला. ८ जून २०१० ला पदार्पणातच त्याने सात इनिंग्जमध्ये १४ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, एकालाही वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा फुकटचा बेस) दिला नाही. २१ ऑगस्टला फिलाडेल्फियात, पाचव्या इनिंगमध्ये, एक चेंजअप (फसवा, मंद चेंडू) टाकल्याबरोबर त्याने हात झटकला आणि चेहरा वेडावाकडा केला. ३ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. वय २२.

परतीचा रस्ता किती सावकाश असतो हे टीव्हीवर दिसत नाही. काही महिने हात नुसता वाकवायचा आणि सरळ करायचा. मग ४५ फुटांवरून हलकेच फेक, दुखलं नाही तर ६०, मग ९०, मग १२०. कुठे ठणका लागला की एक पायरी मागे. माउंडवर (पिचर जिथून फेकतो त्या उंचवट्यावर) उभं राहणं त्यानंतर, आणि समोर बॅटर येणं त्याच्याही नंतर. हे सगळं करून तो ६ सप्टेंबर २०११ ला परतला आणि त्या मोसमात मुख्य लीगमध्ये २४ इनिंग्ज टाकल्या.

आता २०१२. क्लबने आकडा अधिकृतपणे जाहीर केला नव्हता, पण १६० इनिंग्जच्या आसपास थांबवणार हे फेब्रुवारीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामागे घरचाच दाखला होता. त्याच क्लबचा दुसरा तरुण पिचर २००९ मध्ये याच शस्त्रक्रियेतून गेला, त्याला २०११ मध्ये १६१ इनिंग्जवर थांबवलं, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही, कारण संघ शर्यतीत नव्हता. २०१२ मध्ये तो १९५ इनिंग्ज टाकून धडधाकट राहिला. क्लबने तोच आराखडा उचलून नव्या मुलाला लावला. फरक एवढाच की या वेळी संघ जिंकत होता.

क्लबची बाजू नीट ऐकण्यासारखी आहे. त्यांचं म्हणणं असं की नव्या लिगामेंटला नियमितपणा लागतो: ठरलेले दिवस विश्रांती, ठरलेल्या दिवशी स्टार्ट. मध्येच महिनाभर बसवून पुन्हा चालू करणं हे सलग खेळण्यापेक्षा जास्त धोक्याचं. बुलपेनमध्ये ठेवलं तर कधी फोन वाजेल आणि दहा मिनिटांत पूर्ण वेगाने फेकावं लागेल याचा भरवसा नाही. डॉक्टरांचा सल्लाही आपल्या बाजूने असल्याचं ते सांगत. यातली एकही गोष्ट हास्यास्पद नाही. पण यातून 'एप्रिलपासूनच' हे सिद्ध होत नाही. तो मे अखेरीपर्यंत सरावाच्या मैदानावर याच शिस्तीत राहिला असता आणि जूनमध्ये रोटेशनमध्ये आला असता, तर नियमितपणाही टिकला असता आणि १६० इनिंग्ज ऑक्टोबरमधल्या प्लेऑफपर्यंत पुरल्या असत्या. अर्थात वसंतात कोणालाच हा संघ ९८ सामने जिंकेल असं वाटलं नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये १९३३ नंतर प्लेऑफचा सामनाच झाला नव्हता. नियोजन हात वाचवण्याचं होतं, ऑक्टोबरचा विचार त्यात नव्हता.

त्याचा शेवटचा स्टार्ट तीन इनिंग्जमध्ये आटोपला, पाच रन गेले. अजून एक स्टार्ट बाकी होता, तोही मॅनेजरने काढून घेतला. रोजच्या प्रश्नांच्या भडिमाराने मुलाचं लक्ष उडालंय, असं कारण दिलं. २८ स्टार्ट, १५९ इनिंग्ज, १९७ स्ट्राइकआउट. त्याला स्वतःला हा निर्णय पटला नव्हता आणि ते त्याने लपवलंही नाही. या वादात सर्वांत कमी विचारलं गेलं ते त्यालाच, हे मला आजही खटकतं.

आणि आता अटलांटा, ज्याची आठवण फार कमी लोक काढतात. त्याच विभागातला संघ, तोच मोसम, तीच शस्त्रक्रिया, तीही ऑगस्ट २०१० मधली, म्हणजे वॉशिंग्टनच्या दोनच आठवडे आधीची. त्यांचा पिचर २६ वर्षांचा, जेमतेम पाच फूट दहा इंच. त्याला एप्रिलपासून बुलपेनमध्ये ठेवलं, ३८ वेळा तिथून आणलं आणि ३१ जुलैला रोटेशनमध्ये घेतलं. १२ स्टार्टमध्ये त्याने ९ जिंकले, एकही हरला नाही, ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या रनांची सरासरी) ०.९७. त्याचे बाराही सामने संघाने जिंकले. मोसमभरात १३८ इनिंग्ज झाल्या आणि ५ ऑक्टोबरच्या वाइल्ड कार्ड सामन्यात (प्लेऑफच्या मालिकांआधीच्या एकाच बाद सामन्यात) माउंडवर तोच होता. सेंट लुइसने तो सामना ६-३ असा जिंकला, पण त्यात त्याच्यापेक्षा क्षेत्ररक्षणातल्या चुकांचा वाटा मोठा होता.

वॉशिंग्टनलाही घरी पाठवलं ते सेंट लुइसनेच. त्यांच्या रोटेशनमध्ये ३१ वर्षांचा एक पिचर होता, फेब्रुवारी २०११ मध्ये याच शस्त्रक्रियेतून गेलेला. २०११ पूर्ण बाहेर, २०१२ मध्ये एप्रिलपासून कुठलीही मर्यादा न घालता १९८ इनिंग्ज. १२ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यात त्याची वॉशिंग्टनने तिसऱ्या इनिंगपर्यंत धुलाई केली, ६-० अशी आघाडी घेतली, आणि तरीही सामना ९-७ ने गेला, नवव्या इनिंगमध्ये, क्लोजरच्या (सामना संपवायला आणलेल्या पिचरच्या) हातून. थांबवलेल्या पिचरची जागा ज्याने घेतली, त्याने चौथ्या सामन्यात सहा इनिंग्जमध्ये एकच रन दिला होता. त्यामुळे 'तो असता तर जिंकलो असतो' हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही मालिका पुन्हा बघावी. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्यात वॉशिंग्टन १२-४ आणि ८-० असं हरलं होतं. तिथे त्याची उणीव भासली, हे नाकारता येत नाही.

अटलांटाची वाट बरोबर होती असं म्हणताना पुढचंही सांगायला हवं. त्या पिचरने २०१३ मध्ये १९७ इनिंग्ज टाकल्या आणि मार्च २०१४ मध्ये त्याच कोपरावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली. वॉशिंग्टनच्या पिचरचं कोपर टिकलं. २०१९ मध्ये मोसमात २०९ इनिंग्ज टाकून तो प्लेऑफमध्ये पाच सामने जिंकला, एकही हरला नाही, आणि वर्ल्ड सिरीजचा (अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा) सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्यानंतर सात वर्षांचा, २४.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्या करारात तो फक्त आठ स्टार्ट करू शकला. छातीच्या वरच्या भागात नसा दबण्याच्या विकाराने हात गेला. २०१२ च्या विश्रांतीने त्याला सात वर्षं दिली की काहीच फरक पडला नाही, हे एका माणसाच्या हातावरून सिद्ध करता येत नाही. दोन्ही बाजू ते करत राहतात.

२०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हाच वाद उलटा रंगला. तिथल्या एका पिचरची ऑक्टोबर २०१३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया, २०१४ पूर्ण बाहेर, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये पिचरच्या एजंटने, जो वॉशिंग्टनच्या पिचरचाही एजंट होता, १८० इनिंग्जची मर्यादा पुढे केली. क्लबला तो खेळायला हवा होता. चाहत्यांनी मुलाला स्वार्थी ठरवलं, मग तो खेळला, प्लेऑफ धरून २१६ इनिंग्ज. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात आठ इनिंग्ज एकही रन न देता टाकून तो नवव्यासाठी स्वतः हट्टाने बाहेर आला. जुलै २०१६ मध्ये त्याच्यावर नसा दबण्याच्या त्याच विकारासाठी शस्त्रक्रिया करावी लागली.

त्यानंतर इनिंग्ज मोजणं मागे पडलं. आता दर चेंडूचा वेग, फिरकी, हात सोडण्याची उंची मोजली जाते. परतीचा काळ बारा महिन्यांवरून चौदा ते अठरा महिन्यांवर गेला. दुसरीकडे सरासरी फास्टबॉल २००८ मध्ये ताशी ९१ मैलांच्या आसपास होता, तो २०२४ मध्ये ९४ च्या वर पोचला. लीगने डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात दुखापतींचा दोष मुख्यतः याच वेगाच्या हव्यासाला दिला. आपल्याकडे २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात प्रमुख वेगवान गोलंदाजाला तीनच कसोटी खेळवायचं आधी ठरलं, तेव्हा उठलेला गदारोळ याच जातीचा होता.

जूनपासून सुरुवात करण्याची कल्पना शेवटी लॉस एंजेलिसने राबवली. कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा जपानी खेळाडू १६ जून २०२५ ला माउंडवर आला तो एकाच इनिंगसाठी. पुढे थोड्या थोड्या इनिंग्ज वाढवत १४ स्टार्टमध्ये ४७ झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो पूर्ण लांबीचे स्टार्ट करत होता. पण तो बॅटिंगही करतो, त्यामुळे संघात तेराच पिचर ठेवण्याच्या मर्यादेत त्याला धरलं जात नाही. एका इनिंगसाठी येणाऱ्या साध्या बाविशीच्या पिचरला संघात तेरापैकी एक जागा द्यावी लागते. म्हणून त्याला आधी खालच्या लीगमध्ये पाठवतात आणि तिथली मुदत साधारण तीस दिवसांची असते.