पार्श्वभूमी: गोव्याचा सीव्ही आणि भाषेची ओळ

फोंडा, म्हापसा किंवा मडगावच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळणारा बायोडाटा आजही वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात आणि कायमचा पत्ता या क्रमाने सुरू होतो. शिक्षण त्याखाली येते. माणसाला काम काय येते, हे तळाशी जागा उरली तर. वेर्ण्याच्या कारखान्यातला भरती अधिकारी मात्र कागद हातात घेतो तो नेमके हे शेवटचे शोधायला. उमेदवार मठ्ठ म्हणून हा क्रम उलटा झालेला नाही. तो सरकारी अर्जाच्या नमुन्यातून उतरला आहे.

पोर्तुगीज अमदानीत बहुतेकांचा अशा कागदाशी संबंधच आला नाही. थोडे लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकले, बाकीच्यांनी मुंबई गाठली आणि गाववाल्याच्या शब्दावर काम मिळवले. १९६१नंतर प्रशासन नव्याने उभे राहिले आणि सरकारी नोकरी हेच घराघरातले स्वप्न झाले. रोजगार विनिमय केंद्रात नाव घालायचे, कार्ड वेळेवर नूतनीकरण करायचे, बोलावण्याची वाट पाहायची. त्यात स्वतःची बाजू मांडायला जागाच नव्हती. वजन होते ते दाखल्यांना, त्यातही पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्याला. ‘फाइल पुरी आहे’ म्हणजे उमेदवार तयार आहे, ही समजूत तिथली.

सगळ्यात मोठा गुंता भाषेच्या ओळीत झाला. ४ फेब्रुवारी १९८७ला राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी लिपीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामकाजात मराठी वापरण्याची मुभा त्याच कायद्यात राहिली. राजभाषेसाठी आधी झालेल्या आंदोलनात माणसे दगावली होती, त्यामुळे ही तडजोड कोणालाच पुरती पटली नाही. नोकरभरतीच्या जाहिरातींत ती एका ओळीत येऊन बसली: कोंकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट.

ज्ञान म्हणजे बोलणे, वाचणे की लिहिणे? ती ओळ सांगत नाही. पेडणे, सत्तरी, डिचोलीतली मुले घरात कोंकणी बोलत आली आणि शाळेत, देवळाच्या वहीत, पंचायतीच्या अर्जात मराठी लिहीत आली. त्यांच्या हातातली लिहिती भाषा इष्टच्या खणात गेली. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत रोमी लिपीत कोंकणी लिहिणाऱ्याचीही अडचण झाली. त्याची भाषा मान्य, लिपी नाही. दुसऱ्या बाजूचे, म्हणजे कोंकणीची अट हवी असणाऱ्यांचे, म्हणणे असे की सरकारी कचेरीच्या खिडकीशी आलेल्या म्हातारीशी तिच्या भाषेत बोलता यायलाच हवे, आणि बाहेरून येणाऱ्या उमेदवारांपुढे स्थानिकांना एवढा तरी आधार हवा. यातला पहिला मुद्दा बिनतोड आहे. दुसऱ्यासाठी वास्तव्याचा दाखला आधीपासून होताच, हे सहसा कोणी बोलत नाही. मराठी राजभाषेची मागणी अलीकडे पुन्हा जोर धरू लागली, तीत ही जाहिरातीतली ओळ वारंवार पुढे येते.

या वादाचा परिणाम सीव्हीवर विचित्र झाला. ‘इंग्रजी, हिंदी, मराठी, कोंकणी’ एवढीच यादी सगळे देऊ लागले, कारण सरकारी कागदाला तेवढी पुरते. हॉटेलच्या स्वागतकक्षाला किंवा औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागाला ती काहीच सांगत नाही. ‘कोंकणी अस्खलित बोलतो, मराठीत पत्रव्यवहार केला आहे, इंग्रजीत रोजचा अहवाल लिहितो’ असे लिहिले तर तीच ओळ कामाची होते. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेलेल्यांना हे तिथे कळले. २००५पासूनच्या युरोपास या युरोपीय सीव्हीच्या नमुन्यात मातृभाषेखेरीज प्रत्येक भाषेचे आकलन, संभाषण आणि लेखन वेगळे मांडून ए१ (सुरुवातीची) ते सी२ (सर्वांत वरची) अशी पातळी द्यावी लागे. ब्रिटनमध्ये तर फोटो, जन्मतारीख, लग्न झाले की नाही, हे सीव्हीत अपेक्षितच नसते. गावचा बायोडाटा निम्मा तिथेच कापला गेला.

तारवट्यांचा, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचा, सीव्ही मात्र पहिल्यापासून सरळ. सीडीसी (खलाशाची नोंदवही) क्रमांक, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय मानकाची प्रशिक्षण प्रमाणपत्रे, मग बोटीचे नाव, प्रकार, हुद्दा, चढल्याची आणि उतरल्याची तारीख. शेवटची बोट सर्वांत वर. जात-धर्माला तिथे ओळ खर्च करण्याचे कारण नाही.

खाणींचे उलट झाले. २०१२मध्ये खाणकाम थांबले, नंतर सुरू झाले, आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडले. खाणपट्ट्यात वीस-वीस वर्षे यंत्र चालवलेल्यांना ओळखीवर काम मिळाले होते; कागदावर अनुभव मांडायची वेळ तेव्हा आली. ‘खाणीवर ऑपरेटर’ या दोन शब्दांत त्यांचा अनुभव मावत नाही. कोणता एक्स्कॅव्हेटर, किती टनी, कोणते लायसन्स, देखभाल स्वतः करत होता का, हे लिहिल्याशिवाय बांधकाम कंत्राटदार फोन करत नाही.

सरकारच्या बाजूनेही बदल झाला. कनिष्ठ पदांच्या भरतीसाठी वेगळ्या आयोगाचा कायदा २०१९मध्ये आला, आता संगणकावर परीक्षा होतात. तरी २०२४मध्ये नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणांत अटका झाल्याच. खासगीत मोठ्या कंपन्यांकडे अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळते आणि जाहिरातीतले शब्द सीव्हीत शोधते. सजवलेल्या चौकटी, दोन रकाने किंवा फोटोत बसवलेला मजकूर त्याला अनेकदा वाचता येत नाही. झेरॉक्सवाल्याचा रंगीत किनारीचा नमुना तिथेच अडकतो, उमेदवार कितीही चांगला असो.