मूल चित्र वाचतं, आपण अक्षरं

दुकानात चित्रपुस्तक हातात घेतलं की मोठी माणसं आधी मजकूर वाचतात. गोष्ट बरी आहे का, शेवटी काही बोध आहे का, शुद्धलेखन ठीक आहे का, आणि मग किंमत. चित्रांवरून नजर फिरते ती ‘रंगीत आहे, छान आहे’ एवढ्यापुरती. ज्याच्यासाठी पुस्तक घ्यायचं त्याचं नेमकं उलटं असतं. कॅनडातल्या संशोधकांनी २००५ साली चार-पाच वर्षांच्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवताना त्यांचे डोळे कुठे फिरतात याची यंत्राने नोंद केली. मजकूर चित्राशेजारी असो की पात्राच्या तोंडून निघालेल्या फुग्यात, मुलं त्याच्याकडे जवळपास पाहतच नव्हती. सगळा वेळ नजर चित्रावर.

तेव्हा निवड चित्रापासून सुरू करावी. मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटत जा. कोण आहे, कुठे निघालंय, मध्ये काय बिघडलं, हे साधारण कळलं पाहिजे. मग हात काढून मजकूर वाचा. ‘मनू लाल फ्रॉक घालून झाडाखाली बसली’ असं खाली छापलंय आणि वर लाल फ्रॉक घालून झाडाखाली बसलेली मनू आहे, एवढंच असेल तर ते पुस्तक चार दिवसांत विटतं. चांगल्या पुस्तकात चित्र आणि शब्द काम वाटून घेतात. मजकूर म्हणतो, ‘मनूला चप्पल कुठेच सापडेना’, आणि चित्रात पलंगाखालून कुत्र्याची शेपूट आणि चपलेचा पट्टा डोकावतोय. वाचणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याला दिसते. मग अडीच वर्षांचं मूल गप्प बसूच शकत नाही, आणि आपल्याला तेच तर हवं असतं.

वय मात्र बघावं लागतं. नुकत्या जन्मलेल्या बाळाला त्यातल्या त्यात बरं दिसतं ते २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे मांडीवरून आपला चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. फिके रंग आणि बारीक रेषा त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, ठळक काळं-पांढरं पोचतं. म्हणून तशा आकृत्यांची पुस्तकं निघतात. ती विकत घ्यायलाच हवीत असं अजिबात नाही. पुठ्ठ्यावर काळ्या मार्करने बोटभर जाडीचे पट्टे, वर्तुळं आणि एक चेहरा काढला तरी भागतं. चार महिन्यांच्या सुमारास रंग बऱ्यापैकी कळू लागतात, खरी खरेदी तिथून पुढे.

नऊ महिन्यांचं बाळ चित्रातली बाटली उचलायला बघतं. पानावर नख घासतं, थापट्या मारतं, वस्तू हाताला लागत नाही म्हणून पुन्हा प्रयत्न करतं. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हे अमेरिकेतल्या बाळांमध्ये नोंदवलं, आणि चित्रांशी फारसा संबंध न आलेल्या, पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या बाळांमध्येही तेच पाहिलं. १९ महिन्यांची मुलं मात्र उचलायला जात नाहीत, बोट दाखवतात. मधल्या दहा महिन्यांत त्यांना उमगलेलं असतं की चित्र ही वस्तू नाही, ते वस्तूबद्दल काहीतरी सांगतं. त्यामुळे या वयात पुस्तक चाटलं, चावलं, आपटलं तर तो द्वाडपणा नव्हे, पुस्तक म्हणजे काय याचा तपास चाललेला असतो. तो सोसेल असं पुस्तक द्यावं: जाड पुठ्ठ्याची आठ-दहा पानं, गोल कोपरे, धुता येईल असं लॅमिनेशन. पिना मारलेलं पुस्तक या वयात नको, पिन निघून तोंडात जाते. चिकटवलेले डोळे, मणी, घुंगरू ओढून पाहावेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षा-चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. सुटलेला भाग त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकण्याजोगा मानतात. म्हणजे साधारण सव्वा इंच, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच मोठा.

सव्वा-दीड वर्षाच्या मुलांसाठी चित्र कसं काढलंय याला फार महत्त्व आहे. या वयाच्या मुलांना पुस्तकातून एका अनोळखी वस्तूचं नाव शिकवलं आणि मग खरी वस्तू समोर ठेवली. फोटो किंवा वस्तूशी मिळतंजुळतं रेखाटन पाहिलेल्या मुलांना ती ओळखणं सोपं गेलं, कार्टून पाहिलेल्यांना जड गेलं. गाल फुगवलेलं, डोळे मिचकावणारं वांगं आपल्याला गोड वाटतं, पण मंडईतलं वांगं तसं नसतं. शिवाय बाजारातली बरीच जाड पुठ्ठ्याची पुस्तकं परदेशी चित्रसंग्रहांवरून बेतलेली असतात. त्यांत ब्लूबेरी असते, बर्फातला कोट असतो, आणि तवा, बादली, झाडू, रिक्षा, कुकर नसतो. पहिल्या पुस्तकातली निम्मी तरी चित्रं घरात किंवा गल्लीत दाखवता आली पाहिजेत. चित्रातली बादली आणि न्हाणीघरातली बादली यांची गाठ पडली की बाळाचा चेहरा बघावा.

आपल्या मुळाक्षरांच्या पुस्तकांचं दुखणं इथेच आहे. ‘ऐ’ ऐरणीचा, ‘उ’ उखळाचा, ‘य’ यज्ञाचा. शहरातल्या मुलाने यातलं काही पाहिलेलं नसतं. ‘ए’ एडक्याचा, पण मूल चित्र बघून ‘मेंढी’ म्हणतं आणि अक्षराचा धागा तिथेच तुटतो. ‘ण’ बाणाचा, पण ‘बाण’ ऐकताना कानाला पहिला लागतो तो ‘ब’. तीन वर्षांच्या आत ही पुस्तकं अक्षरांसाठी घेऊच नयेत. चित्रं चांगली असतील तर चित्रांसाठी घ्यावीत.

आता पैशांचा प्रश्न. सगळ्यात महाग पुस्तकं असतात ती उघडताच घर उभं राहणारी, पानावरची कागदी झडप उचलून बघायची, बटण दाबलं की आवाज करणारी. मूल त्यांवर तुटून पडतं यात शंका नाही. पण दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की प्राण्यांची नावं आणि माहिती मुलं साध्या पानांच्या पुस्तकातून जास्त शिकली, उभ्या राहणाऱ्या चित्रांच्या पुस्तकातून कमी. अक्षरांच्या बाबतीतही तसंच आढळलं. लक्ष झडपेकडे जातं, झडप म्हणजे खेळणं होतं, आणि पान कशाबद्दल होतं ते मागे पडतं. खेळणं म्हणून जरूर घ्यावं, पण ते जास्त शिकवतं या समजुतीने पाचपट पैसे घालू नयेत. बटणवाल्या पुस्तकात तर बोलायची पाळी यंत्राचीच. ते ‘काऊ’ म्हणून मोकळं होतं, मुलाने काय म्हटलं ते ऐकत नाही.

समोरासमोरच्या दोन्ही पानांवर मोठी चित्रं असतील तर आणखी एक अडचण होते. आपण डाव्या पानाचा मजकूर वाचत असतो, पण मुलाला वाचता येत नाही, मग आपण कोणत्या चित्राबद्दल बोलतोय हे त्याने ओळखायचं कसं? ते उजवीकडच्या हत्तीकडे बघत बसतं आणि नवा शब्द चुकीच्या चित्राला चिकटतो. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात साडेतीन वर्षांच्या आगेमागे असलेल्या मुलांवर हे तपासलं गेलं. एका वेळी एकच चित्र दिसलं तेव्हा मुलं जास्त शब्द शिकली. त्यावरचा उपायही तिथेच सापडला, आणि तो फुकट आहे. पान वाचण्याआधी त्या पानावरून हात फिरवायचा, की नजर तिकडे वळते. घरी आहेत ती पुस्तकं टाकून द्यायची गरज नाही.

हे बघता बघता मधली घडीही तपासावी. दोन पानांवर पसरलेल्या चित्रात नेमका चेहरा घडीत गेला असेल तर बाइंडिंग त्याला गिळतं. पुस्तक जमिनीवर ठेवलं की सपाट उघडं राहिलं पाहिजे, मिटत असेल तर मूल त्याचा कणा, म्हणजे बांधणीची कड, मोडेपर्यंत दाबणार. पानांची संख्या १६, २४, ३२ अशी असते, कारण छापखान्यात मोठा कागद दुमडून आठ-सोळा पानांचा फर्मा होतो. दोन वर्षांच्या मुलाला १६ पानं पुरतात, चार वर्षांचं मूल ३२ पानांची गोष्ट एका बैठकीत पचवतं.

प्राण्यांच्या गोष्टींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण आपल्याकडे कोल्हा-कावळ्याशिवाय बालपण नाही, आणि नसावंही. पण प्राणी कसे जगतात हे कळावं म्हणून पुस्तक घेत असाल तर त्यातला प्राणी शर्ट घालून चहा पिणारा नको. प्राण्यांना माणसासारखं बोलतं-वागतं दाखवणाऱ्या पुस्तकांतून मुलं खरी माहिती कमी उचलतात आणि प्राण्यांना माणसाचे गुण चिकटवतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. टोरोंटोमधल्या एका प्रयोगात तर वाटून घेण्याची गोष्ट माणसांची होती तेव्हा चार ते सहा वर्षांच्या मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले, तीच गोष्ट प्राण्यांची केली तेव्हा नाही. एका प्रयोगावरून ससा-कासव अडगळीत टाकायचं कारण नाही. मजेची गोष्ट मजेसाठी, माहितीची माहितीसाठी, एवढं वेगळं ठेवलं की झालं.

मजकुराकडे शेवटी यायचं, आणि तोही डोळ्यांनी नाही, तोंडाने तपासायचा. दुकानातच एक पान हळू आवाजात वाचा. ‘तो अत्यंत आनंदित झाला’ अशी वाक्यं जिभेवर अडतात. भाषांतरित पुस्तकांत हे फार. ‘त्याला इतका आनंद झाला की उड्याच मारायला लागला’ हे घरातलं मराठी. दोन वर्षांच्या मुलाला पानावर एक-दोन वाक्यं खूप झाली. एखादा न समजणारा शब्द असेल तर असू द्या. इंग्रजी चित्रपुस्तकांची मोजदाद झाली तेव्हा घरातल्या रोजच्या बोलण्यापेक्षा पुस्तकांत वेगवेगळे शब्द जास्त आढळले, आणि मराठीत वेगळं असायचं कारण नाही. आपण जेवणाखाण्याच्या बोलण्यात ‘ढोली’, ‘डबकं’, ‘कुंपण’ कितीदा म्हणतो? नुसत्या नावांच्या पुस्तकात मात्र आपण भर घालावी लागते: तो बेडूक, ती पाल, ते फुलपाखरू. मराठीतली तीन लिंगं पाठ करून येत नाहीत, ‘ते बघ, उडालं’ असं शंभरदा ऐकून येतात. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना तर हे पुस्तकाशिवाय फारसं कानावर पडत नाही.

पुस्तक कितीही चांगलं निवडलं तरी वाचून दाखवायची रीत चुकली तर निम्मं वाया जातं. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांच्या आईवडिलांना एवढंच शिकवलं: सलग वाचू नका, विचारा, मुलाच्या उत्तरात भर घाला, कौतुक करा. दुसऱ्या गटातले आईवडील तेवढ्याच वेळा, पण नेहमीसारखं वाचत राहिले. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्ट पुढे गेली. आजीच्या मांडीवर हे असं दिसतं:

‘हे कोण गं?’
‘भूभू.’
‘हो, भूभू. काळा कुत्रा. कुठे लपलाय?’
‘खाली.’
‘पलंगाखाली लपलाय! तोंडात काय आहे त्याच्या?’
‘चप्पल!’
‘अगं बाई, चप्पल पळवली. आता मनू काय करेल?’

आजीने ‘भूभू’ला चूक म्हटलं नाही, त्यापुढे ‘कुत्रा’ ठेवला. ‘खाली’चं ‘पलंगाखाली’ केलं. आणि शेवटचा प्रश्न पानावर उत्तर नसलेला विचारला. प्रत्येक पानावर एक-दोनच प्रश्न पुरे. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजावेत, कारण लहान मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो आणि आपण घाईने उत्तर देऊन मोकळे होतो. ‘हा रंग कोणता? हे किती?’ असा भडिमार झाला तर मूल पुस्तक मिटून निघून जातं, आणि ते बरोबरच करतं.

तेच पुस्तक अकराव्यांदा आणलं तर कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही. ससेक्समध्येच जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर हे तपासलं. नवे शब्द सारख्याच वेळा कानावर पडले, पण एका गटाला वेगवेगळ्या गोष्टींतून आणि दुसऱ्याला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून. शब्द जास्त लक्षात राहिले ते दुसऱ्या गटाच्या. गोष्ट ओळखीची झाली की डोकं नव्या शब्दासाठी मोकळं राहतं. त्यामुळे महिन्याला दहा पुस्तकं आणण्यापेक्षा दोन नीट पारखून आणावीत. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तुलिका यांची पुस्तकं पाहायला सुरुवात करता येते. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, आणि त्या छापूनही घेता येतात. फोनवर दाखवण्यापेक्षा छापून घ्याव्यात. पान दोघांना नीट दिसतं आणि मध्येच कुणाचा फोन येत नाही.

पान फाटलं तर सेलोटेप लावू नये. कालांतराने तिचा डिंक पिवळा पडतो आणि काढायला गेलं की रंग उपटून निघतो. पातळ पांढऱ्या कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ पुरते, वरून रात्रभर वजन ठेवावं. पुस्तकं कण्याकडून उभी रचली तर मुलाला ती दिसतच नाहीत. गुडघ्याएवढ्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर करून, पाच-सहाच मांडावीत. बाकीची पेटीत, दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. ज्या पुस्तकासाठी मूल पेटी उघडायला लावतं, ते पुन्हा पेटीत ठेवू नये.