नववास्तववाद बाजूला ठेवायचा का? परदेशातल्या इटालियन चित्रपट-अभ्यासाची पार्श्वभूमी

मूकपटांच्या काळात इटलीतल्या तुरिनमध्ये बनलेले भव्य ऐतिहासिक चित्रपट युरोप-अमेरिकेत जोरात चालले होते. परदेशी विद्यापीठांनी मात्र त्यांची दखल घ्यायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. पोर्देनोने आणि बोलोन्या इथल्या महोत्सवांत जुन्या प्रिंट दुरुस्त होऊन पुन्हा पडद्यावर येऊ लागल्या तेव्हा कुठे त्यांच्यावर नीट लिहिलं गेलं. फाशिस्ट राजवटीतल्या चित्रपटांचंही तेच झालं. 1930 ते 1943 दरम्यान निघालेले सातशेहून जास्त चित्रपट ‘पांढऱ्या टेलिफोनवाले’ (श्रीमंत घरांतल्या हलक्याफुलक्या गोष्टींचे) किंवा ‘प्रचारपट’ म्हणून कित्येक वर्षं न पाहताच निकालात काढले जात होते.

इटालियन चित्रपटांचा अभ्यास हा विषय उभा राहिला 1945 नंतर, आणि तोही बराचसा पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये. खऱ्या रस्त्यांवर, बऱ्याचदा हौशी नटांना घेऊन चित्रित झालेल्या मोजक्या चित्रपटांना, म्हणजेच नववास्तववादाला, फ्रेंच समीक्षकांनी उचलून धरलं. अमेरिकेत त्यांतल्या दोन चित्रपटांना 1948 आणि 1950 मध्ये ऑस्करचे विशेष पुरस्कार मिळाले. 1952 साली भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव मुंबईत सुरू झाला, तिथेही हेच चित्रपट आले. त्याचा हिंदी-बंगाली सिनेमावर काय परिणाम झाला हे वाचकांना नव्याने सांगायला नको. घरी मात्र सरकारला या चित्रपटांतली गरिबी खुपत होती. 1949 च्या कायद्याने देशी चित्रपटांना आर्थिक मदत दिली, पण देशाची प्रतिमा खराब करणाऱ्या चित्रपटाला निर्यातीचा परवाना नाकारण्याची सोयही करून ठेवली. बाहेर काय दिसावं याची चिंता रोमला होती, आणि बाहेरच्यांना पाहायचं होतं नेमकं तेच.

पुढे अमेरिका आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांत इटालियन सिनेमा शिरला तो बऱ्याच ठिकाणी भाषा-साहित्याच्या विभागांतून. दान्ते-बोकाच्चो या जुन्या इटालियन लेखकांच्या जोडीला चित्रपटाचा पेपर ठेवला की इतर विभागांचे विद्यार्थीही येत. साहित्याच्या शिक्षकांनी चित्रपट कादंबरीसारखे वाचले. दिग्दर्शक हा लेखक, कथा हा राष्ट्राचा आरसा, आणि आशयात सामाजिक बांधिलकी आहे की नाही ही कसोटी. अमेरिकेत 1983 आणि 1986 मध्ये निघालेली दोन पुस्तकं पुढची वीसेक वर्षं वर्गावर्गांत वापरली गेली. दोन्हींच्या शीर्षकात नववास्तववाद हा शब्द आहे. त्यांतून तयार झालेला नकाशा साधा होता. आधी नववास्तववाद, मग त्याच्या छायेतले थोर दिग्दर्शक, मग उतरती कळा.

या नकाशावर खरा घाव पडला 2011 मध्ये. ब्रिटनमधल्या दोन अभ्यासकांनी एका नियतकालिकात लेख लिहून थेट मागणी केली की नववास्तववादाविषयी बोलणं काही काळ थांबवावं. शीर्षकात त्यांनी 1954 च्या एका गाजलेल्या फ्रेंच लेखाचे शब्द उचलले होते, म्हणजे भांडण उकरून काढायचं हे ठरवूनच. त्यांचं म्हणणं असं, की वास्तववाद हे वर्णन उरलेलंच नाही, ते प्रमाणपत्र झालं आहे. चित्रपट वास्तववादी म्हणजे चांगला, आणि चांगला म्हणजे अभ्यासायला योग्य. बाकीचा सिनेमा आपोआप बाहेर.

हा ‘बाकीचा’ सिनेमा केवढा होता? 1945 ते 1953 या काळात निघालेल्या आठशेहून जास्त चित्रपटांपैकी नववास्तववादी म्हणता येतील असे नव्वदच्या आसपास, असा हिशेब नेहमी दिला जातो. त्याच वर्षांत लोक रडायला जात होते कौटुंबिक मेलोड्रामांना आणि हसायला जात होते नेपल्सच्या विनोदवीरांना. 1955 मध्ये इटलीत आठशे दशलक्षांहून अधिक तिकिटं विकली गेली, ती काही ‘बायसिकल थीव्ह्ज’ या नववास्तववादी चित्रपटातल्या सायकल शोधणाऱ्या बापाच्या जोरावर नव्हे.

2011 च्या त्या लेखावर टीका झाली, आणि ती सगळीच जुन्या पठडीतल्यांची नव्हती. मौन पाळायला सांगणं हा अभ्यास नव्हे, शिवाय नववास्तववादाची कागदपत्रं अजून पुरती तपासलेली नाहीत, हा आक्षेप रास्त होता. तरीही मला मागणी करणाऱ्यांची बाजू जड वाटते. 1983 पासून नाताळच्या सुट्टीत लागत आलेल्या अचकट-विचकट विनोदी चित्रपटांवर त्यानंतर गंभीरपणे लिहिलं गेलं, हे त्या लेखाआधी हसण्यावारी गेलं असतं. गंमत अशी की बोलणं थांबवण्याच्या मागणीमुळे पुढची काही वर्षं नववास्तववादावरच भरपूर बोललं गेलं.

एव्हाना विषयाच्या नावाला ‘माध्यमं’ हा शब्द जोडला गेला होता. टीव्ही इटलीत 1954 पासून होता. 1976 मध्ये घटनात्मक न्यायालयाने खासगी वाहिन्यांना स्थानिक प्रसारणाची मुभा दिली, आणि 1994 मध्ये खासगी वाहिन्यांचा मालकच पंतप्रधान झाला. त्यानंतर टीव्ही हलका विषय म्हणून टाळणं परदेशातल्या इटालियन विभागांना शक्य राहिलं नाही. 2013 पासून तीन ब्रिटिश विद्यापीठांनी मिळून हजाराहून अधिक वयस्क इटालियनांना विचारलं, की 1950 च्या दशकात तुम्ही काय पाहत होता, कुणाबरोबर जात होता. पडद्यावरून नजर वळून खुर्च्यांकडे गेली.

‘इटालियन’ या विशेषणाचंही अवघड झालं. 1950 आणि 1960 च्या दशकांतले असंख्य चित्रपट फ्रान्सच्या किंवा स्पेनच्या भागीदारीतले, काउबॉयचे ‘वेस्टर्न’ चित्रपट स्पेनमधल्या अंदालुसियात चित्रित, नट अमेरिकन, आवाज नंतर भरलेले. त्यामुळे गेल्या दशकात ‘देशापलीकडचा सिनेमा’ ही चौकट पुढे आली. इटालियन विभाग बंद पडत असताना किंवा मोठ्या भाषा-विभागात विलीन होत असताना ती सोयीचीही होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

वादापेक्षा वर्गात जास्त ठरवतात ती उपशीर्षकं. इंग्रजी उपशीर्षकांसह मिळणारा चित्रपट शिकवला जातो, न मिळणारा राहून जातो. लोकप्रिय विनोदी चित्रपटांपैकी कितीतरी परदेशात प्रदर्शितच झाले नव्हते, मग त्यांना उपशीर्षकं कोण देणार? थोर दिग्दर्शकांच्या डीव्हीडी मात्र कधीच बाजारात आल्या होत्या. आता स्ट्रीमिंगवरच्या मालिकांनी हे गणित थोडं हलवलंय. 2018 मध्ये इटलीची सरकारी वाहिनी आणि एक अमेरिकन वाहिनी यांनी मिळून काढलेली नेपल्समधल्या दोन मैत्रिणींची मालिका आज अनेक अभ्यासक्रमांत आहे. तिच्यातले बरेचसे संवाद नेपल्सच्या बोलीत असल्यामुळे इटलीतही ती उपशीर्षकांसह दाखवावी लागली.