लूपच्या प्रकारांमागचा इतिहास

प्रोग्राममध्ये त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेला लूप म्हणतात. फॉर, व्हाईल, डू-व्हाईल हे तिचे प्रकार आज एकाच धड्यात शिकवले जातात. मोजणी कोणी सांभाळायची आणि अट कुठे तपासायची, या दोन अडचणींतून ते एकेक करून पुढे आले.

पुनरावृत्तीची कल्पना जुनी आहे. १८४३ साली एडा लव्हलेसने चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रासाठी बर्नोली संख्यांचा तक्ता मांडला, त्यात १३ ते २३ या क्रिया पुन्हा करायच्या असं लिहिलेलं आहे. १९४४ च्या हार्वर्ड मार्क १ या संगणकावर सूचना छिद्रांच्या कागदी पट्टीतून वाचल्या जात. त्या पुन्हा चालवायच्या तर पट्टीची दोन टोकं चिकटवून खरोखरचं वेटोळं करत.

१९४९ च्या एडसॅक या संगणकावर प्रोग्राम मेमरीत गेला आणि अडचण बदलली. शंभर आकड्यांची बेरीज करताना दर फेरीला आकड्याचा मेमरीतला पत्ता बदलायला हवा, म्हणून प्रोग्राम स्वतःच्याच सूचनेत एक मिळवायचा. तो पत्ता मूळ जागी आणायला विसरलं, की तोच लूप पुढच्या वेळी भलतीच मेमरी वाचायचा. मँचेस्टरच्या यंत्रातल्या इंडेक्स रजिस्टरने, म्हणजे पत्त्यात मिळवायचा आकडा वेगळा ठेवणाऱ्या जागेने, हे काम सूचनेबाहेर काढलं.

१९५७ च्या फोरट्रान भाषेतला ‘डू’ लूप मोजणी स्वतः करायचा, पण बऱ्याच कंपायलरांत (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या साधनांत) अट शेवटी तपासली जाई. यादी रिकामी असली तरी एक फेरी व्हायचीच! फोरट्रान ७७ ने तपासणी सुरुवातीला आणली. एक फेरी हवीच असेल, उदाहरणार्थ पासवर्ड विचारताना, तर अट शेवटी तपासणारा डू-व्हाईलचा हाच घाट उपयोगी पडतो. डू-व्हाईल अट खरी असेपर्यंत फिरतो, पास्कल भाषेचा रिपीट-अंटिल मात्र अट खरी झाली की थांबतो. ‘१० पेक्षा मोठा’ ही त्याची अट डू-व्हाईलमध्ये नेताना ‘१० किंवा कमी’ अशी उलटावी लागते.

सी भाषेने सुरुवात, अट आणि वाढ फॉरच्या एकाच ओळीत आणली. माझ्या मते ही सोय फार मोठी आहे, कारण ‘कंटिन्यू’ (ही फेरी इथेच सोडून पुढच्या फेरीला जा) आल्यावरही फॉरमध्ये वाढ होतेच. व्हाईलमध्ये वाढ तळाशी लिहिलेली असेल तर ती वगळली जाते आणि लूप कायमचा अडकतो. मात्र एन घटक शून्यापासून मोजताना ‘एनपेक्षा कमी’ऐवजी ‘एनइतका किंवा कमी’ लिहिलं, की एक फेरी जास्त होते आणि ॲरेच्या (ओळीने ठेवलेल्या घटकांच्या) बाहेरची जागा वाचली जाते. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

सत्तरच्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाने क्लू भाषेत इटरेटर (संग्रहातले घटक एकेक करून देणारी सोय) आणला आणि मोजणी संग्रहाकडे गेली. जावात फॉर-ईच, म्हणजे मोजणीशिवाय प्रत्येक घटकावर फिरणारा फॉर, २००४ ला आला, सी++ मध्ये २०११ ला. इथला धोका निराळा आहे. पायथनमध्ये १, २, २, ३ या यादीवर फिरता फिरता तिच्यातलेच २ काढत गेलं, तर एक २ मागे उरतो. पहिला २ निघाल्यावर दुसरा त्याच्या जागी सरकतो, पण लूप तोवर पुढच्या जागेवर पोचलेला असतो. म्हणून यादीच्या प्रतीवर फिरावं आणि मूळ यादीतून काढावं.