संघाची गरज : एनएफएल ड्राफ्टमधील चाहत्यांचा वाद

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘संघाची गरज’ म्हणजे मैदानावरची अशी जागा, जिथे संघाकडे भरवशाचा खेळाडू नाही, किंवा आज आहे पण वर्ष-दोन वर्षांत राहणार नाही. नॅशनल फुटबॉल लीगचा (एनएफएल) हंगाम फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्याने संपतो आणि एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयीन खेळाडूंची निवड, म्हणजे ड्राफ्ट, होते. मधल्या अडीच महिन्यांत बत्तीसही संघांचे चाहते या एका शब्दावरून हमरीतुमरीवर येतात. बोलताना ते संघाचा उल्लेख ‘आपण’ असाच करतात : आपल्याला कॉर्नरबॅक हवा, आपली ऑफेन्सिव्ह लाइन म्हातारी झाली, आपण त्याला सोडायलाच नको होतं.

हा वाद याच खेळात इतका का पेटतो, याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. आक्रमणाचे ११ खेळाडू वेगळे, बचावाचे ११ वेगळे आणि चेंडू लाथेने मारणारे आणखी वेगळे. क्रिकेटमध्ये वेळ पडली तर एखादा फलंदाज चार षटके टाकून नेतो. इथे तशी सोय नाही. सुमारे १४० किलो वजनाचा, समोरच्याला अंगाने रोखून धरणारा ऑफेन्सिव्ह लाइनमन आणि चेंडू झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला सावलीसारखा चिकटणारा कॉर्नरबॅक यांची अदलाबदल कल्पनेतही होत नाही. एक जागा पोकळ राहिली की प्रतिस्पर्धी संघ दर रविवारी नेमका तिथेच घाव घालतो, आणि स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते दिसते. म्हणून चाहत्यांच्या तक्रारीला सहसा आधार असतो. त्यांनी हंगामातले १७ सामने डोळ्यांत तेल घालून पाहिलेले असतात.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. तोपर्यंत महाविद्यालयातून बाहेर पडलेला खेळाडू हव्या त्या संघाशी करार करू शकत असे, त्यामुळे चांगले खेळाडू पैसेवाल्या आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जात. बेल यांनी १९३५ मध्ये सुचवले की सर्वांत खाली राहिलेल्या संघाला पहिली पाळी द्यावी. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. ९ संघ, ९ फेऱ्या, ८१ खेळाडू. पहिला निवडला गेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर, आणि तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही; पैशांवरून बोलणी फिसकटली. ड्राफ्टमध्ये नाव पुकारणे आणि माणूस हाती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच दिवशी दिसून आले.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण आयपीएलच्या लिलावाचे. तिथे ज्याच्या थैलीत पैसा शिल्लक, तो बोली वाढवतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आणि ती हरणाऱ्याला आधी मिळते. (इंडियन सुपर लीगनेही २०१४ च्या पहिल्या हंगामाआधी मुंबईत भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट घेतला होता.) सध्या ड्राफ्टच्या ७ फेऱ्या असतात आणि त्या तीन दिवस चालतात. पहिली फेरी गुरुवारी रात्री होते, तेव्हा भारतात शुक्रवारची पहाट उजाडलेली असते. प्लेऑफमध्ये न पोचलेल्या १८ संघांना पहिल्या १८ पाळ्या मिळतात, आणि सुपर बोल जिंकणाऱ्याची पाळी शेवटची. पाळी विकता येते, बदलता येते, पुढच्या वर्षीची तारण ठेवता येते. त्यासाठी डॅलस काउबॉइजने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक गुणतक्ता तयार केला : पहिली निवड ३००० गुण, दुसरी २६००, तिसरी २२०० आणि पुढे असेच उतरत. संघांनी तो वापरला, मग चाहत्यांनीही उचलला. आज कोणताही जाणता चाहता आपल्या पाळीची किंमत तोंडपाठ सांगतो आणि अमुक जागा वर सरकायला काय मोजावे लागेल, याचा हिशेब कागदावर मांडून दाखवतो.

वादाचा गाभा मात्र एकच आहे : गरज पाहायची की गुणवत्ता? एक पक्ष म्हणतो, घरात जे नाही ते आणा. दुसरा म्हणतो, पाळी येईल तेव्हा जो सर्वांत चांगला खेळाडू उरला असेल तो घ्या, जागा नंतर पाहता येईल. कारण आज भरलेली जागा उद्या एका दुखापतीने रिकामी होते. या भांडणात चाहते बहुतेक वेळा गरजेच्या बाजूने असतात, कारण त्यांना पुढचा सप्टेंबर दिसत असतो. संघ चालवणाऱ्याला त्याच्या पुढचे दोन-तीन सप्टेंबर पाहावे लागतात. भांडणाचे मूळ बहुधा या दोन नजरांत असते. बुद्धी कोणाची जास्त हा मुद्दा तिथे फारसा नसतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ग्रीन बे पॅकर्सचे. विस्कॉन्सिन राज्यातल्या लाखभर वस्तीच्या गावाचा हा संघ कोणा एका धनिकाचा नाही. त्याचे ५ लाखांहून अधिक भागधारक आहेत, आणि त्यामुळे इथला ‘आपण’ शब्दशः खरा आहे. २०१९ च्या हंगामात पॅकर्सने १३ सामने जिंकले आणि सुपर बोलच्या दारातून ते परत आले. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा गडी, ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा. चेंडू झेलणारा दाव्हांते ॲडम्स अव्वल दर्जाचा, पण त्याच्या जोडीला तसा दुसरा कोणी नाही. गरज काय, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होते : वाइड रिसीव्हर. २०२० च्या ड्राफ्टमध्ये या जागेचे खेळाडूही उदंड होते. पॅकर्सची पाळी तिसावी. चौथ्या फेरीची एक निवड देऊन ते २६ व्या जागेवर सरकले, तेव्हा चाहत्यांनी श्वास रोखले असतील. आणि नाव पुकारले गेले जॉर्डन लव्हचे. तो क्वार्टरबॅक. ज्या एका जागेवर कसलीच वाण नव्हती, नेमकी तीच. त्यानंतरच्या फेऱ्यांतही संघाने एकही रिसीव्हर घेतला नाही. शेजारच्या मिनेसोटा व्हायकिंग्जने चार जागा आधी घेतलेल्या जस्टिन जेफरसनने पहिल्याच हंगामात झेल घेत १४०० यार्डांची मजल मारली, तेव्हा ती जखम आणखी चिघळली.

पुढे काय झाले, ते दोन्ही बाजूंना पुरावा देणारे आहे. रॉजर्स २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि लव्ह बाकावर बसून राहिला. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच मैदानावर टँपा बे बकनियर्सकडून पॅकर्स ३१-२६ असे हरले. सुपर बोल पुन्हा एका पावलावर हुकला. त्या दिवशी आणखी एक चांगला रिसीव्हर असता तर, हा प्रश्न ग्रीन बेमध्ये अजून विचारला जातो आणि तो रास्त आहे. पण २०२३ मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला, लव्ह उभा राहिला आणि त्याच हंगामात संघाला प्लेऑफमध्ये नेऊन त्याने डॅलसमध्ये काउबॉइजना ४८-३२ असे हरवले. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हा या संघाचा जुना शिरस्ता आहे. ब्रेट फार्व्ह खेळत असताना २००५ मध्ये २४ व्या निवडीवर रॉजर्सला घेतले होते तेही असेच, आणि तोही तीन वर्षे बाकावर होता. माझ्या मते २०२० चा निर्णय योग्य होता, आणि त्यावर चिडलेले चाहतेही चुकीचे नव्हते. त्यांनी मागितलेली गोष्ट खरोखरच हवी होती.

चाहते गरज ओळखण्यातच चुकले, असेही घडते. १९९८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने १६ पैकी १३ सामने गमावले होते आणि शहराला टेक्सास विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) रिकी विल्यम्स हवा होता. रेडिओवर रोज तोच घोष. महापौर एड रेंडेलही त्याच मताचे. एका रेडिओ कार्यक्रमाने चाहत्यांची एक तुकडी बसने न्यूयॉर्कला धाडली. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या नाट्यगृहात, १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, दुसऱ्या निवडीवर क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅबचे नाव पुकारले गेले आणि हिरव्या जर्सीतल्या या मंडळींनी जोरदार हुर्यो उडवली. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणी, नव्या संघाची टोपी घालून व्यासपीठावर आलेला एक बावीस वर्षांचा तरुण, आणि समोर त्याच्याच संघाचे लोक त्याला नको म्हणत आहेत. वास्तविक ईगल्सकडे ड्यूस स्टेली हा हजारावर यार्ड धावलेला रनिंग बॅक आधीच होता. पोकळ जागा होती ती क्वार्टरबॅकची. मॅकनॅबने ईगल्सना पाच वेळा कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोनपैकी एका गटाच्या, अंतिम सामन्यात आणि एकदा सुपर बोलमध्ये नेले. विल्यम्ससाठी न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी त्या वर्षीच्या साऱ्या निवडी आणि पुढच्या वर्षीच्या दोन निवडी ओतल्या, आणि तो हंगाम त्यांनी ३ विजयांवर संपवला.

चाहत्यांच्या या चर्चेची स्वतःची परिभाषा आहे. अपेक्षेपेक्षा फार आधी, हात लांबवून उचललेला खेळाडू म्हणजे ‘रीच’. मागे राहिलेला आणि स्वस्तात पदरी पडलेला तो ‘स्टील’. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तर ‘बस्ट’. ड्राफ्टच्या आधी कोण कुठे जाईल याचे अंदाज बांधतात ते ‘मॉक ड्राफ्ट’. ईएसपीएन वाहिनीने १९८० मध्ये ड्राफ्टचे थेट प्रक्षेपण सुरू केल्यापासून हा मोठाच उद्योग झाला. इंडियानापोलिसच्या चाचणी-शिबिरातले ४० यार्डांच्या धावेचे आकडे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत घोकले जातात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण टॉम ब्रेडीने हीच धाव ५.२८ सेकंदांत, म्हणजे रडतखडत, पुरी केली होती. तो २००० साली सहाव्या फेरीत, १९९ वा निवडला गेला आणि त्याने ७ सुपर बोल जिंकले. दुसऱ्याच दिवशी सकाळी प्रत्येक संघाच्या निवडींना गुण देण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला पटत नाही. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी पीक मोजण्यासारखे ते आहे. खेळाडूची खरी पारख व्हायला निदान तीन हंगाम जावे लागतात.

गरजेच्या हिशेबात पैसा दोन बाजूंनी येतो. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती सुमारे २८ कोटी डॉलर होती. शिवाय लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारापासून नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमानुसार बांधले गेले. २०१० चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता, तर पुढच्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी. तेव्हापासून ड्राफ्टमधून आलेला चांगला क्वार्टरबॅक म्हणजे चार वर्षांचे घबाड झाले : त्याच्यावर वाचलेल्या पैशांत बाकीच्या चार गरजा भागतात. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी २०२१ मध्ये तिसरी निवड मिळवण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक दिली आणि ट्रे लान्सला घेतले. तो संघासाठी अवघे चार सामने सुरुवातीपासून खेळला. पुढच्या वर्षी त्याच संघाने ड्राफ्टमधल्या सर्वांत शेवटच्या, २६२ व्या निवडीवर ब्रॉक पर्डीला घेतले. शेवटच्या खेळाडूला १९७६ पासून ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे ‘बिनमहत्त्वाचा गडी’, म्हणण्याची रीत आहे. वर्षाला ९ लाख डॉलरांहूनही कमी पगारात या गड्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाला सुपर बोलच्या मैदानात उतरवले.

ड्राफ्ट संपला म्हणून वाद थांबत नाही, फक्त त्याचे नाव बदलते. उन्हाळी सरावात संघाकडे ९० खेळाडू असतात आणि ऑगस्टच्या अखेरीस यादी ५३ वर आणावी लागते. ही यादी म्हणजे रोस्टर. पहिली चाळीसेक नावे कोणीही सांगेल. भांडण शेवटच्या आठ-दहांवर असते. तिसरा क्वार्टरबॅक ठेवायचा की सहावा रिसीव्हर? पाचव्या फेरीतला पोरगा अजून कच्चा आहे, पण सोडला तर दुसरा संघ उचलेल. मग उतारवयातल्या पण भरवशाच्या माणसाला निरोप द्यायचा का? सोडलेल्या नवख्या खेळाडूवर सुमारे एक दिवस इतर संघ हक्क सांगू शकतात, आणि तिथेही खालच्या संघाला आधी संधी मिळते. कोणी हक्क सांगितला नाही, तर त्याला १६ जणांच्या सराव-चमूत परत घेता येते. २०२३ पासून ही कपात एकाच टप्प्यात होते : ३२ संघांतून अकराशेहून अधिक माणसांची जागा त्या दिवशी जाते. चाहत्याच्या कागदावर ती खोडलेली नावे असतात. त्यातल्या पुष्कळांसाठी मात्र वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून खेळलेल्या खेळाचा तो शेवटचा दिवस असतो. यादी मांडताना हे विसरू नये.

ड्राफ्टचा सोहळा अनेक वर्षे न्यूयॉर्कमध्येच होत असे. २०१५ पासून तो गावोगावी फिरतो. २०२४ मध्ये डेट्रॉइटला तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर लोक लोटले. २४ एप्रिल २०२५ च्या रात्री ड्राफ्ट ग्रीन बेला, पॅकर्सच्या लँबो फील्ड या मैदानाच्या अंगणात आला. पॅकर्सची पाळी तेविसावी होती. २००२ मध्ये जावोन वॉकरला घेतल्यापासून या संघाने पहिल्या फेरीत एकदाही रिसीव्हर निवडला नव्हता. व्यासपीठावरून टेक्सासच्या मॅथ्यू गोल्डनचे नाव आले, त्याची जागा पुकारली गेली ‘वाइड रिसीव्हर’, आणि हिरव्या-पिवळ्या गर्दीतून जो जल्लोष उठला, तो २३ वर्षे साठून राहिलेला होता.