मधाने आवाज गोड होतो?

जुन्या रेडिओ नाटकांतले कलाकार मध-खडीसाखर चघळायचे म्हणून आवाज तसा, आणि सोलकढी प्यायली की आवाज बसलाच, हा फॉरवर्ड आमच्या मालवणच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. आता बघा, स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी आणि गिळताना तो रस्ता बंद होतो, मग मध काय नि सोलकढी काय, दोन्ही मागच्या अन्ननलिकेतून खाली. चुकून थेंब तिकडे गेलाच तर जोरात ठसका लागतो, हाच पुरावा! मधाने घशाला बरं वाटतं हे खरंय (आजी उगाच नाही द्यायची), आणि अ‍ॅसिडिटीवाल्याचा आवाज आंबटाने बिघडूही शकतो. पण रेडिओतला तो आवाज म्हणजे श्वास, सराव आणि माइकचं अंतर. मोबाइलवर एकच वाक्य आधी चार हात लांबून मग वीतभरावरून रेकॉर्ड करा, लांबून खोली घुमते, जवळून कानाशी बोलल्यासारखं वाटतं. मग चमचाभर मध खाऊन परत करा नि ऐका.