सोसायटीच्या बागेत पक्षी, फुलपाखरं, बेडूक यावेत म्हणून

बागेचं काम देताना बहुतेक सोसायट्यांची पहिली मागणी असते, "स्वच्छ दिसली पाहिजे." लॉन हिरवंगार, मेंदी चौकोनी, पाचोळ्याचं एक पान दिसता कामा नये. अशी बाग आम्ही करून देतो, पण आधी एक विनंती करतो. कंपाउंडलगतची चार-सहा फुटांची पट्टी झाडू आणि कात्रीपासून मोकळी ठेवा.

त्या पट्टीत पाचोळा पडू द्या. पावसात तो कुजतो, खाली गांडुळं, वाणी, किडे वाढतात. त्यांच्यासाठी बेडूक येतात, दयाळ येतो, सातभाई येतात. सातभाईंचा थवा एकेक पान चोचीने उलटत पुढे सरकतो, तेव्हा मुलांना गॅलरीत जरूर बोलवा.

"मग साप येतील ना?" हे प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. साप येतो उंदरांमागे आणि उंदीर येतात उघड्या कचऱ्यामागे. ओला कचरा झाकलेला ठेवा, विटा-फरश्यांचे जुने ढीग हलवा आणि ही पट्टी खेळण्याच्या जागेपासून लांब निवडा. तरीही साप दिसला, तर जवळ न जाता सर्पमित्राला बोलवा. पुष्कळदा ती बिनविषारी धामण असते. उंदरांसाठी विषाच्या वड्या मात्र टाकू नका. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि तेच विष घुबडाच्या पोटात जातं. आम्ही पिंजरेच लावतो.

छाटणीबद्दल आमचा आग्रह जास्त आहे. पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत निघते, नेमकी अनेक पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत. शिंजिराचं घरटं म्हणजे फांदीला लोंबणारी लहानशी पिशवी. कोळ्याच्या जाळ्याने सालीचे तुकडे आणि वाळकी पानं चिकटवलेली ही पिशवी कचरा समजून सहज ओढून काढली जाते. म्हणून आमचा माळी आधी फांद्या हाताने बाजूला करून बघतो. घरटं मिळालं तर पिल्लं उडून जाईपर्यंत तेवढा भाग तसाच ठेवतो. तिथे मेंदी वेडीवाकडी दिसेल, ते चालवून घ्या. धोकादायक फांद्या अर्थातच लगेच काढाव्या लागतात. पण पांगाऱ्याची वाळकी फांदी वाटेवर किंवा गाड्यांवर येत नसेल, तर राहू द्या. तांबट अशाच फांदीत ढोली कोरतो.

नवीन झाडांत बहावा, पांगारा, ताम्हण आम्ही आवर्जून सुचवतो. लिंबू आणि कढीपत्ता तर हवेतच. त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडली, तर फवारणीसाठी फोन करू नका. काही दिवसांत ती हिरवी होते, मग कोष आणि फुलपाखरू. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंतही लिंबू-बेलाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. खाल्लेली पानं झाड पुन्हा काढतं.

पाण्यासाठी पसरट मातीचं भांडं पुरे, दोन इंच खोल, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला, म्हणजे डास होणार नाहीत. शोभेच्या टाकीच्या भिंती गुळगुळीत असतील, तर एक फळी तिरकी टाका. आत पडलेल्या बेडकाला त्यावरून बाहेर येता येतं.

पहिल्या भेटीला आम्ही सकाळी लवकर येतो, कारण बागेत कोण येतं-जातं ते तेव्हाच कळतं. मोकळी पट्टी कुठे ठेवायची, ते नकाशावर आखून देतो. त्या पट्टीचे देखभालीचे पैसे आम्ही घेत नाही. कमिटीत एकमत होत नसेल, तर एक पावसाळा करून बघा. पटलं नाही, तर दिवाळीआधी पट्टी साफ करून देऊ, त्याचेही पैसे लागणार नाहीत.